पानी आणि पाणी

बर्‍याच दिवसांनी लिहायला बसलेय. निमित्त एका शब्दाचं, आणि माझ्या एका चुकीचं.

आमच्या घराजवळ बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी आम्ही तिघीजणी दर रविवारी वर्ग घेतो. तिसरी-चौथीत असूनही वाचायला अडखळणारी मुलं येतात. त्यातली एक मुलगी परवा बोट ठेवून पुस्तकातलं वाक्य वाचत होती. 'पाणी' आलं, तिने 'पानी' वाचलं. मी म्हटलं, "पाणी." ती म्हणाली, "पानी." असं चार-पाच वेळा झालं. शेवटी तिने पुस्तक मिटलं. पुढचे दोन रविवार ती आलीच नाही.

मग आत्याला फोन केला. (घरच्या मंडळींना माहीतच आहे, आत्याने डहाणूकडे वाड्यापाड्यांवरच्या प्राथमिक शाळांत उभी नोकरी काढली.) सगळं ऐकून आत्या म्हणाली, "अगं, म्हणजे तिला वाचता आलं की! अक्षरं बघून अर्थ कळला, म्हणून घरचा शब्द तोंडात आला. तू तिचं वाचन तपासत होतीस का बोलणं?"

मला ते लागलं. कारण न आणि ण वरून आपल्याकडे माणसाचं गाव, घर आणि जातसुद्धा मोजली जाते. मी तेच करत होते, हातात खडू घेऊन.

आत्या म्हणाली, अनुताई वाचल्यास का? कपाटात 'कोसबाडच्या टेकडीवरून' होतं, पंधरा वर्षांपूर्वी वाचलेलं. पुन्हा काढलं.

गोष्ट 1945 सालची. ताराबाई मोडक तेव्हा 53 वर्षांच्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम झालेलं, 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ सुरू झालेला, 1936 मध्ये दादरला शिशुविहार निघालेलं. नाव झालेलं होतं, मुंबईत बसून राहता आलं असतं. त्या बोर्डीला गेल्या. सोबत 35 वर्षांच्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी विधवा झालेल्या आणि त्यानंतर शिकून शिक्षिका झालेल्या.

आता त्याच वर्षी त्याच पट्ट्यात आणखी काय चाललं होतं बघा. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या बरोबर वारली माणसं वेठबिगारीविरुद्ध उभी राहिली होती. म्हणजे ज्या मुलांना शिकवायचं, त्यांचे आईबाप जमीनदाराच्या शेतावर राबणारे. अशा घरात पाच-सहा वर्षांचं पोरसुद्धा कामाचं असतं. धाकटं भावंड सांभाळायचं, गुरांमागे जायचं. शाळेची घंटा आणि गुरं सोडायची वेळ एकच. मूल कुठे जाणार?

गावात बालवाडी निघाली, पण पाड्यावरची मुलं येईनात. ती मुलं 'गैरहजर' असं लिहून मोकळं होता आलं असतं. ताराबाई-अनुताईंनी उलटा विचार केला आणि बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. 1975 मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि हा शब्द देशभर गेला. पुढे 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, म्हणजे कडेवरचं भावंड पाळणाघरात आणि ताई वर्गात. गुरांमागे जाणार्‍यांसाठी कुरणशाळा! बाई कुरणात, मुलं कुरणात, गुरं आपली चरताहेत.

माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. बिया, खडे, शिंपले, पानं हीच साधनं. आधी मुलांना आंघोळ, केस विंचरणं, गाणी, गोष्टी. अक्षरं त्याच्यामागून.

एवढं वाचून मी भारावून आत्याला पुन्हा फोन केला. ती मात्र भारावलेली नव्हती. म्हणाली, "मी पण करायचे गं थोडं. मुलं बोलतील ती वाक्यं फळ्यावर लिहायची, तीच वाचायची. मग पुस्तक. एकदा तपासणीला साहेब आले, फळा बघून सर्वांसमोर म्हणाले, बाईंनाच शुद्ध येत नाही. त्यानंतर तपासणी असली की मी फळा आधीच पुसून ठेवायचे."

थोडा वेळ दोघीही गप्प.

मग तीच म्हणाली, "पण शुद्ध शिकवायचं नाही असं नाही हं. ते नाही आलं तर पुढे परीक्षेत, नोकरीत तीच मुलं अडतात. फक्त त्यांचा शब्द काढून घेऊन आपला द्यायचा नाही. त्यांच्या शेजारी आपला ठेवायचा."

अभ्यासक्रम, वेळापत्रक, 'पोर्शन' हे सगळं आत्यालाही होतं, आजच्या शिक्षकांनाही आहे. कोसबाड प्रत्येकाला जमत नाही. पण फळ्याचा एक कोपरा बहुतेक जमत असावा.

तिसर्‍या रविवारी मीच त्या मुलीच्या झोपडीवर गेले. ती नळावर हंडा भरत होती. म्हटलं, आज पुस्तक नाही, तू सांग, मी लिहिते. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आज लवकर पानी आलं." मी तसंच्या तसं लिहिलं. तिने वाचलं, एका दमात. मग वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, पुस्तकात दुसरं अक्षर हाय."

चार-पाच वेळा ओरडून जे मी तिला दाखवू शकले नव्हते, ते तिचं तिलाच दिसलं. मी तिच्या शब्दाच्या शेजारी 'पाणी' लिहिलं. खोडलं काहीच नाही.

असो. या रविवारी ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन आली होती. त्याच्यासाठी सतरंजी आणि थोडे शिंपले शोधतेय. कोणाकडे असतील तर कळवा.