न्यूपोर्टची एक रात्र आणि तिचे पाठभेद

पदव्युत्तर वर्गाला पाठचिकित्सा शिकविणे हे आम्हां अध्यापकांच्या वाट्याला येणारे एक कोरडे काम. हस्तलिखिते, प्रक्षेप, संहितेची शुद्धी या शब्दांनी वर्गात जी मरगळ पसरते ती अनुभवी वाचकांस सांगावयास नको. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, की ज्या कृतीचे हस्तलिखितच नाही, जी एका रात्री घडली आणि संपली, तिची 'मूळ संहिता' कोणती मानावयाची? तिच्या मनात बहुधा तमाशातील बतावणी असावी. आम्हांला मात्र त्या क्षणी आठवली ती ७ जुलै १९५६ची रात्र: अमेरिकेतील न्यूपोर्ट जॅझ महोत्सव, ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद आणि पॉल गोन्सालविसचे सॅक्सोफोनवादन. जॅझच्या इतिहासात इतकी गाजलेली मैफल क्वचितच दुसरी असेल, आणि जिच्या ध्वनिमुद्रणाची कथा इतकी गुंतागुंतीची आहे अशी तर आमच्या माहितीत दुसरी नाही.

न्यूपोर्ट हे ऱ्होड आयलंड राज्यातील समुद्रकाठचे गाव, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून धनिकांच्या उन्हाळी वाड्यांसाठी प्रसिद्ध. तेथे १९५४ साली लोरिलार्ड दांपत्याच्या पैशाने आणि जॉर्ज वीन या पियानोवादक-संयोजकाच्या खटपटीने जॅझचा महोत्सव सुरू झाला. निशागृहांच्या धुरकट खोल्यांतून हे संगीत उघड्या आकाशाखाली आले, ही त्या काळी नवलाचीच गोष्ट होती. दुसऱ्याच वर्षी, १९५५मध्ये, ऐनवेळी कार्यक्रमात घेतलेल्या माइल्स डेव्हिसने तेथे थेलोनियस मंकची एक रचना वाजविली आणि त्याचे मागे पडलेले नाव पुन्हा सर्वतोमुखी झाले. महोत्सव कलावंताला नवा जन्म देऊ शकतो, ही न्यूपोर्टची ख्याती तेथून सुरू होते.

एलिंग्टनला अशा नव्या जन्माची गरज होती. १८९९ साली वॉशिंग्टन येथे जन्मलेला हा रचनाकार १९५६मध्ये सत्तावन्न वर्षांचा होता. मोठ्या वाद्यवृंदांचे युग दुसऱ्या महायुद्धाबरोबर ओसरले होते; लहान चमूंचे, अधिक गुंतागुंतीचे नवे जॅझ तरुणांना खुणावत होते. जॉनी हॉजेससारखा मातब्बर वादक १९५१मध्ये त्याला सोडून गेला होता, तो १९५५मध्ये परतला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात एलिंग्टनच्या वाद्यवृंदाने न्यूयॉर्कमध्ये एका जलक्रीडेच्या कार्यक्रमाला साथ करण्याचे काम पत्करले होते. ज्याने तीस वर्षे एका जातिवंत कलाप्रकाराला आकार दिला, त्याच्या माणसांनी पोहणाऱ्यांच्या कसरतींना संगीत पुरवावे! आपल्याकडे उतरत्या काळातल्या संगीत नाटकांच्या मंडळ्यांची जी परवड झाली ती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यावर अधिक भाष्याची गरज नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी फ्रीबॉडी पार्कमध्ये एलिंग्टनचा वाद्यवृंद प्रथम रंगमंचावर आला तेव्हा त्याचे काही वादक पोहोचलेलेच नव्हते. राष्ट्रगीत आणि एकदोन रचना वाजवून त्याला उतरावे लागले. मग इतरांचे कार्यक्रम चालले आणि एलिंग्टन सुमारे तीन तास ताटकळत राहिला; सर्कशीतल्या शेवटच्या खेळासारखी आपली गत केली आहे, अशा अर्थाचे तो बरेच कुरकुरला म्हणतात. मध्यरात्र जवळ आली तेव्हा त्याची पुन्हा पाळी आली. खास या महोत्सवासाठी त्याने व बिली स्ट्रेहॉर्नने मिळून तीन भागांची एक रचना बांधली होती. ती घाईत बसविलेली होती आणि वाजविलीही तशीच गेली. टाळ्या पडल्या, पण बेताच्या. श्रोते खुर्च्या सोडून निघू लागले होते.

यानंतर एलिंग्टनने काढले ते १९३७मधले, जवळजवळ विसरलेले 'डिमिन्युएन्डो अँड क्रेशेन्डो इन ब्लू'. येथे थोडे थांबणे भाग आहे, कारण साऱ्या घटनेचे मर्म या रचनेच्या घडणीत आहे. नावातच तिची कल्पना आहे: पहिला भाग मोठ्या आवाजाकडून लहान आवाजाकडे उतरतो, दुसरा लहानाकडून मोठ्याकडे चढतो. १९३७मध्ये ती जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या दोन बाजूंवर मुद्रित झाली. म्हणजे एक बाजू संपली की श्रोत्याने उठावे, तबकडी उलटावी, सुई ठेवावी आणि मग दुसरा भाग ऐकावा. रचनेच्या ऐन मध्यावर एक कोरी जागा होती, आणि ती यंत्राने निर्माण केलेली होती. मैफलीत ही जागा कशाने तरी सांधावी लागे. एलिंग्टन कधी मध्ये दुसरी रचना बसवी. १९५०मध्ये गोन्सालविस वाद्यवृंदात आल्यावर ती जागा अधूनमधून त्याच्या एकल वादनाला मिळू लागली. तेव्हा न्यूपोर्टला जे घडले ते निव्वळ उत्स्फूर्त होते, असे समजण्याचे कारण नाही. हवे तितका वेळ वाजव, असे एलिंग्टनने त्याला आधी सांगून ठेवले होते.

(गोन्सालविस हे नाव वाचताच मराठी वाचकाच्या मनात गोवा उभा राहील, आणि त्यामागोमाग मुंबईच्या चित्रपटसंगीतातले माजोर्ड्याचे अँथनी गोन्सालविस. परंतु पॉल गोन्सालविसचे घराणे आफ्रिकेच्या पश्चिमेस असलेल्या केप व्हर्दे बेटांवरचे. पोर्तुगीज सत्तेने एकच आडनाव दोन महासागरांवर पेरले आणि दोन्हीकडे ते वाद्यवृंदांत उगवले, एवढाच काय तो योग.)

ब्लूजचे एक आवर्तन बारा खंडांचे, प्रत्येक खंड चार मात्रांचा. एकल वादकाने अशी पाच-सहा आवर्तने घ्यावीत, फार तर दहा. गोन्सालविसने सत्तावीस घेतली. म्हणजे तीनशे चोवीस खंड, सहा मिनिटांहून अधिक काळ, द्रुत लयीत आणि साथीला केवळ एलिंग्टनचा पियानो, जिमी वूडचा बास व सॅम वूडयार्डचे ड्रम. पहिली काही आवर्तने होतात न होतात तोच पुढच्या कक्षांतील काळ्या पोशाखातील, सोनेरी केसांची एक स्त्री उठून नाचू लागली. रंगमंचाच्या कडेला काउंट बेसीचा जुना ड्रमवादक जो जोन्स बसला होता; तो हातातल्या गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने लाकडावर ठेका धरून वादकांना चेतवीत होता. निघालेले लोक परतले. सुमारे सात हजारांचा समुदाय खुर्च्यांवर उभा राहिला. दंगल होईल या भीतीने वीनने कार्यक्रम आवरण्याची खूण केली, तर एलिंग्टनने त्याच्याकडे बोट हलवून, कलावंतांशी असभ्यपणा करू नका, असे त्याला बजावले. आणि मग शहाणपणाने हॉजेसला पुढे करून संथ रचनेने त्याने तो समुदाय शांत केला.

हे वादन गोन्सालविसचे सर्वोत्कृष्ट वादन होते काय? आमच्या मते नव्हते. संथ, भावगर्भ रचनांत त्याचा जो धुरकट, आडवळणी स्वर लागतो तो येथे ऐकू येत नाही. स्वरांची नवलाई येथे फारशी नाही. लहान लहान वाक्ये तो घेतो, उलटसुलट करतो, पुन्हा घेतो. त्याचे सामर्थ्य आहे ते लयीला धरून राहण्यात. आठव्या-नवव्या आवर्तनानंतर प्रश्न तो काय वाजवितो हा राहतच नाही. तो थांबत का नाही, हा होतो. शाहिराच्या फडात कवनापेक्षा कधीकधी डफाच्या पाठीशी उभी राहिलेली झील मोठी होते, तसे काहीसे. अशा वेळी कर्ता कोणाला म्हणावे? नाचणारी स्त्री, वर्तमानपत्र बडविणारा जोन्स आणि परत फिरलेले लोक वजा केले, तर ही सत्तावीस आवर्तने कदाचित बारावरच संपली असती. साहित्यात आपण 'वाचकाचा सहभाग' असे म्हणतो तेव्हा तो बहुधा रूपकच असतो. येथे त्या सहभागाची आवर्तने मोजता येतात.

पुढची हकीकत सर्वश्रुत आहे. २० ऑगस्ट १९५६च्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एलिंग्टन झळकला. 'एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट' ही तबकडी त्याच वर्षी निघाली आणि त्याच्या आयुष्यातील सर्वांत खपाची ठरली. आपला जन्म १९५६ साली न्यूपोर्टला झाला, असे तो पुढे विनोदाने सांगत असे.

आता त्या तबकडीविषयी. रंगमंचावर त्या रात्री दोन निरनिराळ्या यंत्रणांचे ध्वनिक्षेपक होते: एक कोलंबिया कंपनीचा, दुसरा 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या सरकारी नभोवाणीचा. गोन्सालविस वाजवीत राहिला तो दुसऱ्याच्या समोर. त्यामुळे कोलंबियाच्या फितीत रात्रीचे हे सारसर्वस्व दुरून, भिंतीपलीकडून यावे तसे क्षीण ऐकू येते. शिवाय तीन भागांच्या नव्या रचनेचे वादन एलिंग्टनला पसंत नव्हते. तेव्हा सोमवारी, ९ जुलैला, वाद्यवृंद न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बसला. रचना पुन्हा वाजविली गेली, निवेदनही पुन्हा झाले, आणि निर्माता जॉर्ज अवाकियन याने त्यावर टाळ्या व गलका चढविला. गोन्सालविसचे वादन खरे, त्या रात्रीचेच, पण अंधुक. आणि त्याच्या शेजारी स्वच्छ ऐकू येणारी, स्टुडिओत सजविलेली 'मैफल'. हे मिश्रण चार दशकांहून अधिक काळ जगाने न्यूपोर्टची रात्र म्हणून ऐकले.

अवाकियनला खोटारडा ठरविण्याची आम्हांला घाई नाही. हाती आलेली प्रत सदोष आहे, रचनाकार हयात आहे आणि त्यालाच दुरुस्ती हवी आहे, अशा वेळी संपादकाने काय करावे? एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठांतरांनी अशुद्ध झालेली संहिता मूळ रूपाकडे नेण्यासाठी. अवाकियनचा हेतू तसा नव्हता. त्याला घडलेली रात्र नको होती, घडायला हवी होती ती रात्र हवी होती. मूळ कर्त्याच्या संमतीने झालेला प्रक्षेप हा प्रक्षेप म्हणावा की सुधारित आवृत्ती, हा प्रश्न वर्गात टाकून पाहावा. तासभर तरी मरगळ येत नाही.

१९९६मध्ये 'व्हॉइस ऑफ अमेरिका'ची ती फीत वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली. शीतयुद्धाच्या त्या वर्षांत ही नभोवाणी परदेशी श्रोत्यांना जॅझ ऐकवी, ते अमेरिकेच्या मोकळेपणाचे प्रतीक म्हणून. १९४८च्या कायद्याने तिचे प्रसारण स्वदेशीय श्रोत्यांसाठी मात्र नव्हते. गोन्सालविसचा स्पष्ट आवाज जिने टिपला ती फीत जगासाठी होती, त्याच्या स्वतःच्या देशबांधवांसाठी नव्हती. आणि ज्या वर्णाच्या कलावंतांना दक्षिणेतील राज्यांत गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नव्हती, त्यांचेच संगीत स्वातंत्र्याची साक्ष म्हणून बाहेर पाठविले जात होते.

१९९९ साली, एलिंग्टनच्या जन्मशताब्दीला, फिल शाप या जॅझच्या अभ्यासकाच्या परिश्रमाने संपूर्ण मैफल दोन तबकड्यांत प्रसिद्ध झाली. त्याने कोलंबियाची व नभोवाणीची अशा दोन स्वतंत्र फिती क्षणाक्षणाला जुळवून एकत्र केल्या. घाईत वाजविलेली ती तीन भागांची रचना आता तिच्या सर्व अडखळण्यांसह ऐकता येते. गोन्सालविस अगदी समोर येऊन उभा राहतो. सातव्या आवर्तनाच्या सुमारास वाढत जाणारा गलका खराच गलका आहे, हे कळल्यावर तो निराळाच ऐकू येतो.

आमच्यापैकी एकाने विद्यार्थिदशेत जुन्या तबकडीवरून उतरवून घेतलेली कॅसेट ऐकली होती. त्यांचे अद्याप म्हणणे आहे, की ते दुरून येणारे सॅक्सोफोनच खरे. मैदानाच्या शेवटच्या रांगेतून निघून जाता जाता थबकलेल्या माणसाला ते तसेच ऐकू आले असणार. बाकीच्यांना हे मान्य नाही. गोन्सालविस मे १९७४मध्ये लंडनला वारला, त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २४ मे रोजी, एलिंग्टन न्यूयॉर्कमध्ये. आजारी एलिंग्टनपासून ती बातमी लपविण्यात आली होती. आपण त्या रात्री इतके स्पष्ट वाजविले होते, हे दोघांपैकी कोणालाच यंत्रावर ऐकता आले नाही. निदान त्यांच्यासाठी तरी नवी आवृत्ती प्रमाण मानावी, असा आमचा आग्रह असतो.

मात्र वाद घालताना आम्ही एक गोष्ट सोयीस्करपणे बाजूला ठेवतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९पासून १९६६पर्यंत खपून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती तिच्या सिद्ध रूपात कोणत्याही एका हस्तलिखितात सापडत नाही. शापच्या तबकडीचेही तसेच आहे. तिच्यात एका कानात कोलंबियाची फीत येते, दुसऱ्या कानात नभोवाणीची. त्या रात्री ही दोन यंत्रे आपापले काम स्वतंत्रपणे करीत होती. फ्रीबॉडी पार्कमधल्या सात हजारांपैकी एकानेही ती मैफल अशी ऐकली नव्हती.