पडद्यावरचा रेल्वेमार्ग आणि खानदेशाचा इतिहास

संगणकाच्या पडद्यावर आगगाडी चालविण्याचा खेळ आता घरोघरच्या मुलांना ठाऊक आहे. वडीलधारी माणसे त्याकडे पोरखेळ म्हणून पाहतात. पण या खेळात गाडी चालविणे हा सोपा भाग होय. अवघड भाग वेगळाच आहे, आणि तो म्हणजे गाडी ज्यावरून धावते तो मार्ग उभा करणे. खरी गावे, खऱ्या नद्या, खरे चढउतार यांच्या आधारे असा मार्ग जो रचतो, त्याला इतिहासकाराचेच काम करावे लागते. आणि ते काम त्याने प्रामाणिकपणे केले, तर श्रमिकांचा इतिहास त्यात आल्यावाचून राहत नाही. आमचे आजचे म्हणणे एवढेच आहे.

रेल्वेची प्रतिकृती करण्याची हौस जुनी आहे. पुण्याला भाऊ जोशी यांच्या कल्पकतेतून उभे राहिलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोक पाहत आले आहेत. रेल्वेच्या प्रशिक्षण शाळांतूनही सिग्नल आणि सांधे समजावण्यासाठी छोटे रूळ मांडलेले असतात. पण लाकूड, पत्रा आणि प्लॅस्टिक यांच्या प्रतिकृतीला खोलीच्या भिंतींची मर्यादा पडते. पन्नास किलोमीटरचा मार्ग कोणाच्या दिवाणखान्यात मावणार? २००१ साली मायक्रोसॉफ्टचा 'ट्रेन सिम्युलेटर' आणि ऑस्ट्रेलियात तयार झालेला 'ट्रेन्झ' असे दोन संगणकी खेळ बाजारात आले. त्यांत खेळणाऱ्याला स्वतःचा मार्ग रचण्याची सोय होती, म्हणून ही मर्यादा उरली नाही. पुढे 'ओपन रेल्स' नावाची फुकट मिळणारी प्रणाली हौशी मंडळींनीच घडविली. भारतीय इंजिने, डबे आणि मार्ग तयार करणारे आपल्या देशातले शौकीनही त्यांत आहेत.

मग खानदेशातला कोणता मार्ग घ्यावा? मोठा मार्ग म्हणजे चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ. १८६५ साली थळ घाट खुला झाला तेव्हा तो मुंबईशी सलग जोडला गेला, आणि खानदेशाचा कापूस बंदराकडे वाहू लागला. दुसरा ताप्ती खोऱ्याचा, सुरतेहून अमळनेरमार्गे जळगावला येणारा. तिसरा १९०० साली सुरू झालेला चाळीसगाव-धुळे मार्ग. जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर अशी स्थानके घेत गिरणा ओलांडून तो धुळ्याला पोचतो आणि तिथेच संपतो. इंदूर-मनमाड मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली. तो पुरा झाला म्हणजे धुळ्याचे हे 'शेवटचे स्टेशन'पण जाईल.

पण आम्हांस विचाराल तर पहिला मान चौथ्या मार्गाचा, पाचोरा-जामनेरचा. लोकांनी 'पीजे' म्हणूनच तिला ओळखले. अडीच फूट रुंदीचे रूळ आणि सुमारे ५६ किलोमीटरची वाट. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा ही तिची गावे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली, आणि त्या रुळांवर पुन्हा धावली नाही. मार्ग रुंद करून बोदवडपर्यंत नेण्याचे ठरले. हे योग्यच आहे. शेतकऱ्याला आणि विद्यार्थ्याला मोठी गाडी हवी. परंतु जुन्या गाडीची नोंद ठेवणे हा नव्या गाडीला विरोध नव्हे. जे उखडले जाते त्याचीच नोंद आधी करावी लागते.

ती कशी करावयाची? प्रथम जमीन. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानाने अकरा दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची रडारने मोजली. ही मोजमापे कोणालाही फुकट मिळतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेचा पायथा, वाघूरचे पात्र, पहूरजवळचे चढ हे सारे त्यांतून पडद्यावर उमटते. पण या मोजणीत काही मीटरांची चूक राहते. तिच्यावर जशाचे तसे रूळ टाकले तर गाडी होडीसारखी हेलकावे खाईल. खरा रेल्वेमार्ग असा नसतो. शंभरास एक चढ म्हणजे किलोमीटरला दहा मीटर, आणि एवढ्यानेही इंजिनाचा दम निघतो. म्हणून टेकाड आले की खोदाई करायची, खोलगट आले की भराव टाकायचा. मार्ग रचणारा पडद्यावर जेव्हा भराव उचलतो, तेव्हा त्याला प्रश्न पडला पाहिजे की, खानदेशाच्या काळ्या मातीतला हा भराव मुळात कोणी उचलला? यंत्रे नव्हती, टोपल्या होत्या. इंजिनियरांची नावे दप्तरांत आहेत. टोपल्या वाहणाऱ्या बायाबापड्यांची नाहीत. भराव मात्र आहे. तोच त्यांचा शिलालेख.

दुसरे, काळ. मार्ग रचताना साल ठरवावेच लागते. १९६० च्या आरंभीचे जळगाव स्टेशन उभारायचे तर विजेच्या तारा दिसता कामा नयेत, वाफेच्या इंजिनासाठी पाण्याचा नळखांब हवा, आणि नकाशावर जिल्ह्याचे नाव पूर्व खानदेश हवे. एका फलाटाशी मध्य रेल्वे आणि सुरतेच्या बाजूला पश्चिम रेल्वे, हा भेदही हवा. ती विभागणी १९५१ ची. यांपैकी एकही गोष्ट कल्पनेने ठरविता येत नाही, पुरावा लागतो. इतिहासाचार्य राजवाडे याच खानदेशात, धुळ्यास, १९२६ साली निवर्तले. गावोगाव हिंडून त्यांनी कागद गोळा केले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडाने छापली. आधी साधने, मग सिद्धान्त, हा त्यांचा दंडक. जुनी वेळापत्रके, तिकिटे, लग्नाच्या वऱ्हाडाचे फलाटावरील फोटो ही पीजेची साधने होत.

तिसरे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे माणूस. पुष्कळ संगणकी मार्गांत झाड न् झाड असते, पण रुळावर काम करणारा नसतो. कीमॅन नाही, गँग नाही, फाटकवाल्याची खोली नाही. जणू मार्ग आपोआप नीट राहतो! तो राहत नाही. १३ मीटरचा रूळ ४० अंशांनी तापला की सुमारे सहा मिलिमीटर लांबतो. म्हणून जुन्या पद्धतीच्या मार्गात दोन रुळांमध्ये फट ठेवतात, आणि त्या फटीवरून चाक गेले की ठोका पडतो. गाडी ताशी ३० किलोमीटरने चालली तर दर दीड सेकंदाला एक ठोका, हे गणित पोरालाही करता येईल. पण वैशाखात, सावलीतही अंग भाजत असता, ती फट नीट आहे ना, फिशप्लेटचा बोल्ट ढिला झाला नाही ना, हे पाहत हातोडा घेऊन मैलोगणती चालणारा माणूस त्या ठोक्यामागे आहे. हिशेबातून तो गळतो, तसाच प्रतिकृतीतूनही गळतो. कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या आम्हांला हे गळणे परिचयाचे आहे. मे १९७४ मध्ये देशभरच्या रेल्वे कामगारांनी वीस दिवस संप केला, तेव्हा कुठे अनेकांना प्रथम कळले की गाडी केवळ इंजिनाने चालत नाही.

कोणी विचारील, खेळण्यात एवढे ओझे कशाला? आमचे उत्तर असे की, पुढच्या पिढीला पीजे दिसणार आहे ती बहुधा पडद्यावरच. तिथे जे नसेल, ते कधी नव्हतेच असे ती मानील. अवकाशातल्या रडारला डोंगराची उंची कळते; शेंदुर्णीला दुधाच्या बरण्या कोणत्या डब्यात चढत, फाटकवाला गाडी येण्याआधी किती वेळ फाटक लावी, पावसाळ्यात कोणत्या मोरीवर रात्रभर पहारा असे, हे त्याला कळत नाही. ते ज्यांना कळते ते पेन्शनीत निघालेले गँगमन, गार्ड आणि फाटकवाले अजून पाचोऱ्यात, जामनेरात, पहुरात आहेत. त्यांची वये थांबलेली नाहीत.

म्हणून सुचवितो ते साधे आहे. संगणक जाणणारी कॉलेजातील मुले आणि रूळ जाणणारी ही म्हातारी माणसे यांना एका ओसरीवर बसवावे. मुलांनी पडद्यावर एकेक किलोमीटर मांडावा आणि म्हाताऱ्यांनी चूक दाखवावी: इथे बाभूळ नव्हती, लिंब होता, इथे गाडी हळू व्हायची, वळण होते. या कामाला सरकारी मंजुरी लागत नाही, आणि पैसाही फारसा लागत नाही. चार आदितवार लागतील, आणि ऐकून घेण्याची सवय लागेल. ५६ किलोमीटर म्हणजे फार लांबचा पल्ला नव्हे.