चित्राच्या पाठीवरचा मजकूर

खासबागेतून सकाळी शाळेला निघालो, की कुठल्या ना कुठल्या बोळातून मागाचा खटखटाट कानावर येतोच. विणकरांच्या या वस्तीतली मुले नक्षीच्या बाबतीत फार पक्की असतात. त्यांच्यापैकीच एकाने काही वर्षांपूर्वी माझी एक चूक चारचौघांत दाखवून दिली. हा लेख त्या चुकीतूनच सुचला आहे.

इतिहासाच्या तासाला दाखवण्यासाठी मी वर्षानुवर्षे चित्रे जमवत आलो. जुनी कॅलेंडरे, दिवाळी अंक, वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या यांतली कात्रणे काढायची, खळीने पुठ्ठ्यावर चिकटवायची आणि खाली सुवाच्य अक्षरांत नाव लिहायचे. अशाच एका पुठ्ठ्यावर ‘कमल बस्ती, बेळगाव किल्ला’ असे लिहिले होते. आठवीच्या मुलांना किल्ला दाखवायला नेले, तेव्हा तो पुठ्ठा बरोबर घेतला. मंडपात सगळे माना वर करून छताचे दगडी कमळ पाहत होते. एक मुलगा मात्र एकदा पुठ्ठ्याकडे, एकदा छताकडे पाहत होता. शेवटी म्हणाला, “सर, नक्षी जुळत नाही.”

खरेच जुळत नव्हती. कात्रणातले छत सपाट, चौकटी-चौकटींचे होते. चित्र दुसऱ्याच कुठल्या तरी देवळाचे होते. कात्रण काढताना त्याखालचा मूळ मजकूर मी कात्रीखाली घालवला होता आणि पुढे नाव अंदाजाने लिहिले होते. किती तुकड्यांना मी ते चित्र ठामपणे दाखवले असेल!

चित्र मिळवण्यापेक्षा त्याची ओळख टिकवणे अवघड असते. आपल्या भागाचा इतिहास पाहिला, तर हेच ध्यानात येते. पश्चिम भारताच्या पुरातत्त्व पाहणीचा पहिला हंगाम जेम्स बर्जेस यांनी जानेवारी ते मे १८७४ या काळात काढला, तो बेळगाव आणि त्या वेळच्या कलादगी जिल्ह्यांत. त्यांच्या अहवालात बदामी, पट्टदकल, ऐहोळे यांच्याबरोबर आपल्या किल्ल्यातली जैन मंदिरेही आली. त्या अहवालातला प्रत्येक चित्रफलक आजही कामाला येतो, कारण कोणती वास्तू, कोणते गाव, कोणता भाग, हे त्यासोबत छापलेले आहे.

कमल बस्ती रट्ट राजवटीतली. कार्तवीर्य चौथा याच्या मंत्र्याने, बीचिराजाने, ती १२०४ च्या सुमारास बांधवली. हे आपल्याला कळते ते शिलालेखांवरून, आणि बेळगावचे ते दोन शिलालेख आहेत लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये! बार्नेट यांनी त्यांचे वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केले, म्हणून इथे बसून आपण ते अभ्यासू शकतो. असे लेख उतरवण्याची जुनी रीत मुलांना दाखवण्याजोगी आहे. ओला कागद दगडावर बसवून ब्रशने ठोकायचा, म्हणजे तो अक्षरांच्या खाचांत शिरतो. मग वरून शाईचा बोळा फिरवला, की कागद काळा आणि अक्षरे पांढरी उमटतात. दगड सातासमुद्रापलीकडे गेला, तरी ठसा वाचता येतो.

नक्कल मुळाला कशी तारते आणि कधी कशी मारते, याचा मोठा धडा अजिंठ्यात आहे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षे तिथे राहून चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून हे काम पुन्हा करून घेतले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकीच. त्यांतलीही शंभरावर चित्रे १८८५ च्या आगीत गेली. वाचलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६-९७ मध्ये निघाले. भिंतीवरचे जे पोपडे नंतर गळून पडले, ते काही ठिकाणी आता नकलेतच दिसतात. पण नक्कल करताना रंग उठून दिसावेत म्हणून भिंतीवर जे व्हार्निश फासले, ते पुढे काळवंडले आणि मूळ चित्रांना बाधले. मुळाला धक्का लावून मिळवलेले चित्र फार महागात पडते.

औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी अजिंठ्याच्या प्रतिकृती करवून घेतल्या आणि १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभे केले. ज्याला अजिंठ्याला जाणे परवडत नाही, त्यालाही चित्र पाहता यावे, ही सोय त्यातून झाली. शाळामास्तर पुठ्ठ्यावर कात्रण चिकटवतो, तो हेच काम लहान प्रमाणात करत असतो. म्हणूनच त्याची जबाबदारी मोठी.

आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. चित्रे पावसासारखी पडतात. पण पुढे पाठवताना नाव, गाव, साल गळून पडते. माझ्या कात्रीने केले तेच. आपल्या सीमाभागात तर याला जास्तच धार आहे. एखाद्या जुन्या देवळाचे चित्र येते, खाली कोणी तरी मनाचे लिहितो आणि ‘हे आमचे की तुमचे’ असा वाद पेटतो. खरे तर कमल बस्तीचे लेख जुन्या कन्नडात आहेत, आणि ते आपल्याच शहराच्या इतिहासाचे आहेत. मराठी मुलाने ते कन्नड शिकणाऱ्या शेजाऱ्याकडून वाचून घ्यावेत, यात कमीपणा कसला?

म्हणून वाचकहो, या दिवाळीच्या साफसफाईत ट्रंकेतले जुने फोटो निघतील, तेव्हा एक करा. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा आणि प्रत्येक फोटोमागे मऊ पेन्सिलीने कोण, कुठे, कधी ते लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढे उमटतो. जे ठाऊक नसेल, त्या जागी नुसते प्रश्नचिन्ह घाला. जमल्यास हे मराठीत आणि कन्नडात, दोन्ही लिपींत लिहा. पुढे तो फोटो कोणाच्या हाती पडेल, सांगता येत नाही.

तो पुठ्ठा मी फेकला नाही. जुन्या नावावर रेघ मारून खाली लिहिले आहे, ‘स्थळ अज्ञात’. दरवर्षी नव्या तुकडीला तो पहिल्याच तासाला दाखवतो.