घरच्या कॉम्प्युटरची चावी कोणाकडे?

बऱ्याच घरांत कॉम्प्युटर एकच आणि वापरणारे पाच. सकाळी आजोबांच्या पेन्शनचे काम, दुपारी जीएसटीचा हिशेब, संध्याकाळी मुलांचा अभ्यास आणि अभ्यासाच्या नावाखाली गेम. महागडा अँटिव्हायरस टाकला की निश्चिंत, असा समज आहे. खरे भोक मात्र भलतीकडेच असते. घरातले सगळे एकाच खात्यातून काम करतात आणि ते खाते असते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे.

विंडोजमध्ये खात्यांचे दोन प्रकार आहेत. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून कोणताही प्रोग्रॅम बसवता येतो, सुरक्षा बंदही करता येते. स्टँडर्ड खात्यातून रोजची सगळी कामे होतात. पण अख्ख्या कॉम्प्युटरवर परिणाम करणारा बदल करायचा तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. मुलाने फुकटचा गेम म्हणून नको ते उतरवले, तर अ‍ॅडमिन खात्यात एकदा 'येस' दाबले की ते आत शिरते. स्टँडर्ड खात्यात गाडी पासवर्डपाशी अडते. म्हणून सेटिंग्जमधल्या 'अकाउंट्स'मध्ये जाऊन प्रत्येकाचे वेगळे स्टँडर्ड खाते उघडावे. अ‍ॅडमिनचा पासवर्ड घरातल्या एका जाणत्या माणसाकडे ठेवावा आणि त्यानेही रोजच्या कामाला ते खाते वापरू नये. काही प्रोग्रॅम स्टँडर्ड खात्यातही बसतात, त्यामुळे यावरच विसंबून चालत नाही. तरी इतक्या थोड्या खटपटीत एवढा फायदा देणारा दुसरा उपाय नाही.

कॉम्प्युटर जोडून देणारे कित्येकदा क्रॅक केलेले विंडोज टाकून देतात. क्रॅक चालावा म्हणून डिफेंडर बंद केला जातो आणि तो परत सुरू करायचे कोणाला सुचत नाही. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून तो चालू आहे का, हे आजच बघावे. घरगुती वापराला चालू असलेला, अपडेट होत राहणारा डिफेंडर पुरतो. मराठी टायपिंगसाठी फुकट फॉन्टच्या साइटही धुंडाळू नयेत. मराठी कीबोर्ड विंडोजमध्येच असतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी केलेल्या घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय जाहीर झाली होती. झेपत असेल त्या मशीनवर विंडोज ११ घ्यावे.

कोपऱ्यात सारख्या अचकट जाहिराती येऊ लागल्या की 'व्हायरस लागला' म्हणून मशीन दुकानात जाते. पुष्कळदा तो व्हायरस नसतोच. कोणीतरी एखाद्या साइटवर 'अलाउ' दाबलेले असते. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असे जाऊन अनोळखी साइट काढून टाकल्या की त्रास थांबतो. दुकानाचे पैसे वाचतात.

स्क्रीन भरून लाल इशारा आणि खाली फोन नंबर आला, तर तो नंबर फिरवू नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. मुलगा पुण्यात आणि आईवडील बेळगावात, अशा घरांत एनीडेस्कसारखे दुरून कॉम्प्युटर चालवायचे अ‍ॅप सर्रास असते. त्याचा नंबर मुलाशिवाय कोणालाही सांगायचा नाही, बँकवाला म्हणवणाऱ्यालाही नाही, हे घरी ठरवून ठेवावे.

मुलांसाठी मायक्रोसॉफ्टचे 'फॅमिली सेफ्टी' मोफत आहे. वेळेची मर्यादा घालता येते; साइटची चाळणी मात्र एज ब्राउझरमध्येच चालते. सगळ्या घरासाठी राउटरच्या डीएनएसमध्ये १.१.१.३ आणि १.०.०.३ हे क्लाउडफ्लेअरचे पत्ते (इंग्रजी आकड्यांत) टाकले की बहुतेक अश्लील आणि घातक साइट अडतात. मोबाइलचा हॉटस्पॉट लावला की ही चाळणी निकामी होते. कॉम्प्युटर हॉलमध्ये, येता-जाता स्क्रीन दिसेल असा ठेवणे अजूनही उपयोगाचे आहे.

सातबारा, आरटीसी उतारे, लग्नाचे फोटो यांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि काम झाले की डिस्क काढून ठेवावी. लावून ठेवलेली डिस्कही रॅन्समवेअर कुलूपबंद करते.

पावसाळा संपला की वायर काढून कॅबिनेटमधली धूळ मऊ ब्रशने झाडावी. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. स्क्रीनवर थेट फवारा नको, किंचित ओलसर कापड पुरे.

पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० वर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. हा क्रमांक देशभर एकच आहे. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवरही करता येते. घर निपाणीत, बँक खाते कोल्हापुरात, फोन करणारा तिसऱ्याच राज्यात, मग गुन्हा कुठे नोंदवायचा, हा प्रश्न सीमाभागात हमखास येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता जवळच्या ठाण्यात देता येते.