दोन नावे, एक जनुक

पाऊल लोंबते, पण मांडीचा पुढचा स्नायू बराच काळ बळकट राहतो. या आनुवंशिक स्नायुविकाराची नोंद १९८१ मध्ये जपानमध्ये नोनाका यांनी केली. सूक्ष्मदर्शकाखाली स्नायुतंतूंत कडा असलेल्या पोकळ्या दिसल्या. १९८४ मध्ये अर्गोव्ह व यारोम यांनी इराणी ज्यू कुटुंबांत असाच विकार वर्णिला. त्याला वेगळे नाव मिळाले. २००१ मध्ये ज्यू रुग्णांत जीएनई जनुकातील दोष सापडला. पुढे जपानी रुग्णांतही तेच जनुक निघाले. ते सियालिक आम्ल बनवणाऱ्या विकराचे आहे. दोन्ही प्रती सदोष असतील तरच आजार होतो. म्हणून आईवडील सहसा निरोगी असतात. २०१८ मध्ये दिल्लीचे भट्टाचार्य दांपत्य, मुंबईचे खाडिलकर, बंगळुरूच्या नलिनी आदींनी भारतीय उपखंडातील रुग्णांचे उत्परिवर्तन अभ्यासले. ७२७व्या जागी व्हॅलिनऐवजी मेथिओनिन हा बदल सर्वाधिक आढळला. आता निदानाची वाट रक्ताच्या नमुन्यातूनही जाते.