टेल्युरिअमची जागा

आता टेल्युरिअमचं घेऊ. १८६९ साली मेंडेलीव्ह मूलद्रव्यं अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडत होता आणि इथे येऊन अडला. टेल्युरिअम आयोडीनपेक्षा जड. नियम पाळायचा, तर आयोडीन आधी, म्हणजे ते गंधकाच्या घरात आणि टेल्युरिअम क्लोरीनच्या! पण आयोडीन हायड्रोजनचा एकच अणू धरतं, क्लोरीनसारखं. टेल्युरिअम दोन, गंधकासारखं. मेंडेलीव्हने संयुजेचं ऐकलं, क्रम उलटा लावला, आणि वर म्हणाला, टेल्युरिअमचं वजन मोजण्यातच चूक असणार. ती नव्हती. आजही अणुभार १२७.६ आणि १२६.९ असेच आहेत. निर्णय बरोबर, कारण साफ चुकीचं.

गंमत बघा, तेव्हा इलेक्ट्रॉन कोणालाच ठाऊक नव्हता. तो सापडला १८९७ मध्ये. पुढे १९१३ साली मोझलेने क्ष-किरणांच्या वर्णपटांवरून दाखवलं की हा क्रम केंद्रकावरच्या धनप्रभाराने ठरतो, वजनाने नव्हे. टेल्युरिअम ५२, आयोडीन ५३. बाहेरच्या कवचात एकाचे ६ इलेक्ट्रॉन, दुसऱ्याचे ७. आठाला दोन कमी आणि एक कमी. संयुजा तेच तर सांगत होती. मेंडेलीव्ह १९०७ लाच गेला होता. मोझले १९१५ च्या ऑगस्टमध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, अवघ्या २७ व्या वर्षी.