२३.३ मिलिमीटर : एका चाकाने गाडीचा देह कसा बदलला

१/ १९७२ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात पोर्शेने ‘९११ काररेरा आरएस २.७’ जगापुढे आणली. पाहणाऱ्यांच्या नजरा तिच्या पाठीवरील बदकाच्या शेपटीसारख्या पंखाकडे वळल्या. मात्र त्या गाडीच्या रुंद नितंबांचे कारण मागच्या चाकाच्या एका आकड्यात दडलेले होते. तो आकडा २३.३. हा धागा त्याच्या इतिहासाचा.

२/ प्रथम चाकाची भाषा. ‘७ जे × १५, ईटी २३.३’ या लेखनात ७ ही रिमची इंचांतील रुंदी, ‘जे’ हा रिमच्या काठाचा घाट आणि १५ हा इंचांतील व्यास. ‘ईटी’ म्हणजे ‘आइनप्रेसटीफे’ या जर्मन शब्दाचे लघुरूप. त्याचा शब्दशः अर्थ ‘दाबून बसवल्याची खोली’. आज जगभरचे चाकविक्रेते ज्याला ‘ऑफसेट’ म्हणतात, ते हेच.

३/ ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि चाक हबला जिथे टेकते ती पाठ, यांतील अंतर. टेकण्याची पाठ मध्यरेषेच्या बाहेर असेल तर ऑफसेट धन. हा आकडा वाढला की चाक गाडीच्या पोटात सरकते. घटला की मडगार्डबाहेर डोकावू लागते.

४/ आता मागे, १९६६ कडे. त्या वर्षी ‘९११ एस’ बाजारात आली. तिच्यासाठी माइनर्त्सहागेनच्या ओटो फुक्स या धातुकारखान्याने पाच पाकळ्यांचे चाक घडवले. त्या काळी मिश्रधातूची चाके बहुधा साच्यात ओतली जात. हे चाक मात्र घडीव होते, म्हणून हलके आणि चिवट. त्याची रुंदी होती अवघी ४.५ इंच.

५/ अडचण रुंदीपेक्षा खोल होती. ९११ चे इंजिन मागच्या आसाच्याही मागे टांगलेले. वळणावर चालकाने अचानक ॲक्सिलरेटर सोडला, की जड शेपूट बाहेर झेपावे आणि गाडी गरकन फिरे. आरंभीच्या काही गाड्यांत तर नाक जड करण्यासाठी पुढच्या बंपरमागे लोखंडाची वजने बसवली होती.

६/ उपाय टप्प्याटप्प्याने आले. १९६९ च्या मॉडेलवर्षापासून मागची चाके ५७ मिलिमीटर मागे सरकवून चाकतळ २,२११ वरून २,२६८ मिलिमीटर केला गेला. रिमही रुंदावत ६ इंचांवर आले. त्या सहा इंची चाकाचा ऑफसेट होता ३६. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढचे सगळे गणित त्यावर उभे आहे.

७/ आरएसच्या वेळी अभियंत्यांना मागच्या बाजूला अधिक पकड हवी होती. म्हणून पुढे ६ आणि मागे ७ इंची रिम, त्यांवर १८५/७० आणि २१५/६० मापाचे टायर. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या ९११ ला कारखान्यातूनच पुढे-मागे वेगळ्या रुंदीची चाके मिळाली, ती याच गाडीपासून. प्रश्न एकच उरला : वाढलेला एक इंच ठेवायचा कुठे?

८/ गणित करून पाहू. ६ इंच म्हणजे १५२.४ मिलिमीटर, त्याचा अर्धा ७६.२. ऑफसेट ३६ असताना हबच्या पाठीपासून रिम आत पोहोचते ७६.२ + ३६ = ११२.२ मिलिमीटर. बाहेर पोहोचते ७६.२ − ३६ = ४०.२ मिलिमीटर. (रिमच्या काठाची जाडी दोन्ही चाकांत सारखी धरून वगळली आहे.)

९/ आता ७ इंची चाक, ऑफसेट २३.३. अर्धी रुंदी ८८.९. आतली बाजू : ८८.९ + २३.३ = ११२.२. जराही बदल नाही! बाहेरची बाजू : ८८.९ − २३.३ = ६५.६, म्हणजे आधीपेक्षा नेमकी २५.४ मिलिमीटर अधिक. अख्खा इंच बाहेर गेला. त्या विचित्र दशांशाचे रहस्य हेच. ३६ मधून अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, वजा केले की २३.३ उरतात.

१०/ आतली सीमा अढळ राहिली, कारण तिथे सस्पेन्शनची दांडी आणि शॉकॲब्सॉर्बर यांचे राज्य. बाहेर होता केवळ पत्रा, आणि पत्रा ताणता येतो. म्हणून आरएसचे मागचे मडगार्ड फुगवले गेले. ज्या नितंबांना पुढे सौंदर्याचे प्रतीक मानले गेले, त्यांचा जन्म या वजाबाकीत आहे.

११/ ही परंपरा तिथे थांबली नाही. १९७४ मध्ये सादर झालेल्या ९११ टर्बोच्या मागे ८ इंची चाक होते, ऑफसेट १०.६. पुन्हा तेच : १०१.६ + १०.६ = ११२.२. तीन चाके, तीन रुंदी आणि आतली सीमा एकच. शरीर मात्र दरवेळी बाहेर वाढत गेले.

१२/ व्यासाचा हिशेबही तितकाच काटेकोर. पुढे ९११ ला १६ इंची रिम मिळाली तेव्हा टायरची भिंत बुटकी केली गेली. १५ इंचांवरील २१५/६० टायरचा एकूण व्यास सुमारे ६३९ मिलिमीटर. १६ इंचांवरील २२५/५० चा सुमारे ६३१. रिम एका इंचाने मोठी झाली, तरी घेर जवळपास तोच राहिला. म्हणून वेगमापक आणि गिअरचे प्रमाण दोन्ही फारसे बिघडले नाहीत.

१३/ सुटी चाके विकत घेणाऱ्यांची फसगत इथेच होते. साध्या ९११ वर ७ इंची चाक चढवायचे आणि ऑफसेट ३६ च ठेवायचा, तर आत १२.७ आणि बाहेर १२.७ मिलिमीटर जागा लागते. पाच नट एकशे तीस मिलिमीटरच्या वर्तुळात बिनचूक बसतात, म्हणून चाक ‘बसले’ असे वाटते. टायर घासतो तो पहिल्या भरधाव वळणावर.

१४/ ९४४ या गाडीने हा धडा अधिक कडक शिकवला. १९८७ च्या मॉडेलवर्षी तिला एबीएस ब्रेक आले आणि पुढच्या सस्पेन्शनची भूमिती बदलली. सात इंची चाकाचा ऑफसेट २३.३ वरून पन्नाशीपार गेला. बाहेरून गाडी तशीच दिसे, नटांचे वर्तुळही तेच होते. आतला हब मात्र बाहेर सरकला होता.

१५/ कारण असे : स्टिअरिंगचा आस जमिनीला जिथे भेटतो तो बिंदू आणि टायरच्या स्पर्शाचा मध्य, यांतील अंतर फार मोलाचे असते. एका बाजूला ओला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला कोरडा असताना ब्रेक लागला, तर हेच अंतर स्टिअरिंगला हिसका देते. मध्य त्या बिंदूच्या किंचित आत ठेवला, तर गाडी स्वतःला सावरू लागते.

१६/ म्हणून जुनी चाके नव्या ९४४ वर चढवली तर ती सुमारे ३ सेंटीमीटर बाहेर येतात. केवळ रूप बिघडत नाही; अभियंत्यांनी आखलेला तो तोलच उलटतो. शिवाय बेअरिंगवरचा ताण वाढतो. उलट नवी चाके जुन्या गाडीवर चढवली, तर ती आत रुतून सस्पेन्शनला भिडतात.

१७/ या इतिहासाची एक दुखरी बाजूही आहे. आरएस एकूण १,५८० घडल्या. शर्यतीच्या मान्यतेला ५०० पुरेशा होत्या. पण तिचे रूप अनेकांना हवे होते. त्यासाठी कित्येक साध्या, अरुंद ९११ गाड्यांचे मूळ मडगार्ड कापले गेले. रुंद चाक उद्या काढता येते. कापलेला मूळ पत्रा परत येत नाही.

१८/ म्हणूनच जुन्या गाडीचे जाणकार चाक उतरवून त्याची पाठ वाचतात. तिथे रुंदी, सुटा-भाग क्रमांक आणि निर्मितीची तारीख कोरलेली असते. शिलालेखासारखीच ती साक्ष. नवे चाक निवडणाऱ्यानेही तोच क्रम पाळावा : आधी आतली जागा मोजावी, मग बाहेरची, मग टायरचा घेर. रंग आणि पाकळ्या सर्वांत शेवटी.